गिफ्ट कार्डचे कोड आपल्याच हाताने पाठवले, तर गुन्हा कुणाचा? आणि शिक्षा किती?

पाषाणकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज घरातल्या अडचणीपायी लिहितोय.

माझी धाकटी बहीण एका कंपनीत हिशेबखात्यात लागली, त्याला जेमतेम दोन महिने झालेत. परवा दुपारी तिला व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून निरोप आला. फोटो कंपनीच्या संचालकांचा, नावही त्यांचंच. "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. संध्याकाळी काही ग्राहकांना भेट द्यायची आहे. दहा-दहा हजारांची सहा गिफ्ट कार्डं घे आणि कोड इथेच पाठव. उद्या बिल लाव." पोरगी नवी. एवढ्या मोठ्या साहेबांनी थेट आपल्याला काम सांगितलं याचाच तिला आनंद. चार कार्डं तिने स्वतःच्या पगारातून घेतली, दोन आईच्या खात्यातून. साठ हजार गेले. सातवं कार्ड मागितलं तेव्हा ती उठून साहेबांच्या केबिनकडे गेली. साहेब त्या दिवशी ऑफिसला आलेच नव्हते.

रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे सांगितलं, "कोड तुम्हीच पाठवलेत, स्वखुशीने. मग चोरी कुठे झाली? ऑनलाइन तक्रार टाका." परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "दादा, म्हणजे चूक माझीच ना?"

बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हा कायद्याने गुन्हा आहे की नाही? असेल तर शिक्षा किती? आणि तक्रार घेत नसतील तर पुढे काय करायचं?

काळा_कोट

पाषाणकर, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, फोन लावा, मग माझा प्रतिसाद वाचा. अर्धा तास लागला तरी फोन ठेवू नका. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

लावलात? आता ऐका. हा गुन्हा आहे आणि साधासुधा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे फसवणूक. त्याची व्याख्याच अशी आहे की, एखाद्याला खोटं सांगून, त्या खोट्याच्या जोरावर त्याच्याकडून मालमत्ता द्यायला लावणं. "द्यायला लावणं" हे शब्द लक्षात ठेवा. फसवणुकीत माणूस वस्तू आपल्या हातानेच देतो. चोरी आणि फसवणूक यांच्यात कायद्याने केलेला फरक नेमका हाच आहे. तेव्हा "कोड तुम्हीच पाठवलेत" हे वाक्य गुन्हा नसल्याचं कारण होऊ शकत नाही. खोट्या निरोपाला भुलून कोड गेले, इथेच ३१८ पूर्ण झालं. बहिणीला हे आज रात्रीच सांगा.

शिक्षा अशा :

कलम ३१८(४), फसवून मालमत्ता घेणं : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दखलपात्र, अजामीनपात्र. जुन्या भाषेत हेच आपलं 'चारसो बीस'. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला अजूनही तेच जुनं कलम लागतं.

कलम ३१९(२), दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं : पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत ही मर्यादा तीन वर्षं होती, ती वाढवली.

माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ड, म्हणजे फोन-संगणक वापरून तोतयेगिरी : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरली तर ६६क, शिक्षा तेवढीच.

तोतया जर पोलीस, आयकर अधिकारी असा सरकारी माणूस बनला असेल तर कलम २०४ही लागतं. त्यात किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं.

तक्रार घ्यायला नकार मिळाला तर घरी परत यायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी करून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवा. आमच्याकडे शहरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून ती परिमंडळाच्या उपायुक्तांकडे जाते. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि हद्दीचा प्रश्न काढला तर 'झिरो एफआयआर'चा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायच्या फिर्यादीचा, आग्रह धरा. तो आता नव्या संहितेतच लिहिलेला आहे.

निवृत्त_रोखपाल

बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून पैशाच्या बाजूने थोडं सांगतो.

हे लोक थेट खात्यात पैसे का मागत नाहीत? खात्यात टाकले की मागे माग राहतो. खातं कुणाचं ते कळतं, ते गोठवता येतं. कोडचं तसं नाही. तो रोख नोटेसारखा असतो, ज्याच्या हाती त्याचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात गिफ्ट कार्डाला दहा हजारांची कमाल मर्यादा आहे, ते पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही. "दहा-दहा हजारांची सहा" ही भाषा तिथूनच येते. विकत घेणाऱ्याची ओळख जारी करणाऱ्याने ठेवायची असते. म्हणजे नोंद राहते ती तुमच्या बहिणीची. वापरणाऱ्याची ओळख शोधावी लागते. एखाद्या ब्रँडचं फक्त स्वतःच्या दुकानात चालणारं कार्ड तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेतच येत नाही.

पण माग अजिबात राहत नाही असं समजू नका. कोड कुठल्यातरी खात्यात भरावा लागतो. त्या खात्याला मोबाइल नंबर असतो, लॉगिनची वेळ असते. त्यावर फोन मागवला तर कुठेतरी पत्ता द्यावा लागतो. तपास तिथून सुरू होतो. म्हणून आज रात्रीच दोन कामं करा. सहाही कार्डांचे ऑर्डर क्रमांक, कार्ड क्रमांक, पावतीचे ईमेल आणि व्हॉट्सॲपचा सगळा संवाद जपून ठेवा, एक अक्षर पुसू नका. आणि कार्ड जारी करणाऱ्या कंपनीला लेखी कळवा की हे कोड फसवणुकीत गेलेत, न वापरलेले असतील ते लगेच बंद करा. सगळे कोड एका झटक्यात वापरले जातातच असं नाही.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण लोक बँकेत येऊन भांडतात. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः ओटीपी टाकून केलेली खरेदी त्यात बसवणं फार अवघड जातं. त्याचा अर्थ गुन्हा घडला नाही असा मात्र नव्हे. बँकेची भरपाई आणि आरोपीची शिक्षा या दोन वेगळ्या वाटा आहेत.

पाषाणकर

दोघांचेही आभार, मनापासून. १९३० लागला, क्रमांक मिळाला. कंपनीला ईमेल केला. ३१८ ची व्याख्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलली नाही, पण दोन दिवसांनी आज नीट जेवली.

गोदाकाठ

सात वर्षं? एवढ्याच? साठ हजार म्हणजे त्या पोरीचे दोन-तीन महिन्यांचे पगार असतील. अमेरिकेत अशांना वीस-वीस वर्षं आत टाकतात. आपल्याकडे कायदाच मऊ आहे. शिक्षा वाढवल्याशिवाय हे थांबणार नाही.

एडिसनची_सून

गोदाकाठ, अमेरिकेचं निघालंच आहे तर लिहिते. इथे वायर फ्रॉडला, म्हणजे फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीला, वीस वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्याची ओळख वापरली तर त्यावर वेगळी दोन वर्षं, तीही आधीची शिक्षा संपल्यावर भोगायची. फोनवरून म्हाताऱ्या माणसांना लुटलं तर आणखी वाढ. आणि केंद्रीय गुन्ह्यांत पॅरोल नाही.

आपल्या लोकांशी संबंध असलेलं मोठं प्रकरण ह्यूस्टनच्या कोर्टात चाललं. अहमदाबादच्या कॉल सेंटरमधून इथल्या लोकांना "कर बुडवलात, अटक होईल" असे फोन यायचे आणि प्रीपेड कार्डांवर पैसे भरून घेतले जायचे. इथे राहून ते पैसे गोळा करणाऱ्या २४ जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. त्यांचा सूत्रधार हितेश पटेल सिंगापूरमध्ये पकडला गेला, २०१९ मध्ये इकडे आणला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला वीस वर्षं झाली. शिवाय सुमारे ९० लाख डॉलर पीडितांना परत द्यायचा हुकूम.

पण शिक्षेने थांबलं का? नाही हो. सरकारच्याच नोंदीत २०२३ मध्ये लोकांनी गिफ्ट कार्डांतून २१ कोटी ७० लाख डॉलर गेल्याचं कळवलं. तेही ज्यांनी कळवलं त्यांचेच. आमच्या सोसायटीतल्या एक मराठी आजी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मुलगा-सून कामावर, घरात एकट्या. फोनवरच्या माणसाने व्हिसा रद्द होईल अशी भीती घातली. त्या बर्फातून चालत औषधांच्या दुकानात गेल्या आणि कार्डं घेऊन आल्या. मुलाला महिनाभर सांगितलं नाही. मला सांगितलं ते देवघरासमोर बसून, शपथ घालून. पोलिसात गेलोच नाही आम्ही, कारण त्यांना ते नकोच होतं. अशी किती प्रकरणं कोर्टापर्यंत जात नसतील. मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कायदा करून कार्डाचं वेष्टन उघडल्याशिवाय कोड दिसू नये अशी सक्ती केली. दुकानातच नंबर उतरवून घेणाऱ्यांना त्याने आळा बसेल. आजींसारख्यांना त्याचा उपयोग नाही.

काळा_कोट

गोदाकाठ, तुमचा राग समजतो. पण रोज कोर्टात उभा राहतो म्हणून सांगतो, अडचण आकड्यात नाही.

३१८(४) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. त्याहून जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं, त्यांची मर्यादा सात वर्षं. त्याआधी अटकेचा टप्पा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक सरसकट करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलंय. ६६ड तर जामीनपात्रच आहे. वर आरोपीचा वकील म्हणतो, सायबर कायदा हा विशेष कायदा, मग त्याचंच कलम लावा, फसवणुकीचं काढा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात अशाच स्वरूपाचा युक्तिवाद मान्य केला होता. त्यामुळे फिर्याद कशी लिहिली जाते याला फार महत्त्व येतं. "ऑनलाइन फसवणूक झाली" एवढंच लिहू नका. कुणाचं सोंग घेतलं, काय खोटं सांगितलं, त्यावर विश्वास ठेवून काय दिलं, हे तिन्ही धागे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

जड कलम नाही असंही नाही. न्याय संहितेत ११२ आहे, टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांसाठी, एक ते सात वर्षं. आणि १११ म्हणजे संघटित गुन्हेगारी, त्यात सायबर गुन्हेही धरले आहेत. किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप, दंड पाच लाखांच्या खाली नाही. पण ते लावायला मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. म्हणजे पुन्हा तिथेच येतो. लोकांनी तक्रारी दिल्या, आरोपपत्रं झाली, तरच पुढच्या वेळी १११ उभं राहणार. त्या आजींची न दिलेली तक्रार इथे कमी पडते. हे त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही.

काशीमिरा

हा धागा सकाळपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी धाड घातली. एका रात्रीत सातशेहून जास्त पोरं ताब्यात. माझा चुलतभाऊ त्यात होता. बारावी झालेला, इंग्रजी बरं. जाहिरात बघून गेला आणि पहिल्या आठवड्यात त्याला कागद दिला, त्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं. नाव अमेरिकन सांगायचं, आपण कर खात्यातून बोलतोय म्हणायचं, समोरचा घाबरला की दुकानात जाऊन आयट्यून्सची कार्डं घ्यायला लावायची आणि मागचा सोळा आकडी नंबर वाचून घ्यायचा. फोन ठेवू द्यायचा नाही, माणूस दुकानात असतानाही.

त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून कळत होतं. त्याने मला नंतर सांगितलं, एक बाई रडत होती आणि त्याने कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं. काकू घरी म्हणायची, पोरगा नोकरी करतो, पगार आणतो. त्या रात्री काका बनियनवर धावत पोलीस ठाण्यात गेले होते.

बहुतेकांना चौकशी करून सोडलं, यालाही. खटला झाला नाही त्याच्यावर. पण त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक नोकरीत पोलीस पडताळणी म्हटलं की तो अर्जच मागे घ्यायचा. इथे ज्यांची पोरं "इंटरनॅशनल प्रोसेस" नावाच्या नोकरीला लागलीयत त्यांनी एकदा विचारा, नेमकं काय बोलतोस फोनवर. काळा_कोट, अशा पोराला आज काय लागलं असतं?

काळा_कोट

फोनवर बोलणारा स्वतःच फसवतो, त्यामुळे ३१८(४) आणि ३१९ थेट त्याच्यावर. पगारी नोकर होतो हा बचाव नाही, कटाचं कलम ६१ सोबत येतं. अल्प काळ काम, साहेबांची नावं सांगणं, तपासात मदत, या गोष्टी जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी मोजल्या जातात. गुन्हा पुसला जात नाही. भावाबद्दल वाईट वाटत असेल तर त्या बाईच्या बाजूनेही एकदा विचार करा. तुम्ही लिहिलंत हे मोलाचं आहे.

वसतिगृह_१२

विचारायला भीती वाटतेय, पण विचारतो. टेलिग्रामवर एका गटात गिफ्ट कार्डं २०-२५ टक्के कमी भावात मिळतात. आमच्या मजल्यावरचे बरेच जण घेतात, मीही दोनदा घेतली. हेडफोन घेतला त्यातून. हे कोड असे आलेले असतात का? माझ्यावर काही येईल?

काळा_कोट

येऊ शकतं. आणि नव्या कायद्यात ते जास्त सोपं झालंय. जुन्या दंडसंहितेत 'चोरीचा माल' या व्याख्येत फसवणुकीने मिळवलेली वस्तू स्पष्टपणे नव्हती. न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये 'फसवणूक' हा शब्द घातला आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दहा हजारांचं कार्ड अनोळखी माणूस साडेसात हजाराला का विकतो, हा प्रश्न न्यायाधीश तुम्हालाच विचारतील. आणि रोखपालकाकांनी वर सांगितलंय ते पुन्हा वाचा. तपासात पहिला पत्ता सापडतो तो कोड वापरणाऱ्याचा. म्हणजे तुमचा, हेडफोन मागवलात तो.

गटातून आजच बाहेर पडा. पण संवाद आणि पैसे दिल्याच्या नोंदी पुसू नका. पुसल्यात तर संशय वाढेल. नोटीस आली तर वकील घेऊन जा आणि खरं सांगा.

स्टेशनरोड

माझं मिरजेत मोबाइलचं दुकान आहे. गेमचे, ॲपचे रिचार्ज कोड आम्हीही विकतो, म्हणून अनुभव सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले, सत्तरीचे, धोतर-टोपी. कानाला फोन. म्हणाले, पाच-पाच हजारांचे चार कोड द्या. मी विचारलं, नातवाला का? तर हाताने गप्प बसा अशी खूण केली. घाम आलेला. फोन चालूच. मी कागदावर लिहिलं, "फोनवर कोण आहे?" त्यांनी खाली लिहिलं, "वीज कंपनी". मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बंद केला. रागावले, ओरडले माझ्यावर, रात्री घराची वीज तोडतील म्हणाले. मग पाणी दिलं, मुलाला बोलावलं. मुलगा आल्यावर ते खुर्चीत बसून थरथरत होते.

तेव्हापासून माझा नियम आहे. कानाला फोन असलेल्या माणसाला कोड विकायचा नाही. कमिशन किती मिळतं हो त्यात, काही नाही. पोरालाही सांगून ठेवलंय, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

निवृत्त_रोखपाल

स्टेशनरोड, तुम्ही केलंत ते आमच्या काउंटरवर आम्हाला जमलं नसतं. रांग मागे असते. हा नियम दुकानदारांच्या संघटनेत मांडा.

पाषाणकर

बारा दिवसांनी परत येतोय.

परिमंडळाच्या उपायुक्तांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवली. चौथ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यातून फोन आला. तिथल्या निरीक्षक मॅडमनी बहिणीला समोर बसवून सगळं शांतपणे विचारलं, मध्ये एकदाही "तू पाठवलेस कशाला" म्हणाल्या नाहीत. गुन्हा नोंदला : ३१८(४), ३१९(२), ६६क, ६६ड. एफआयआरची प्रत लगेच मिळाली, पैसे न घेता.

कार्ड कंपनीचं उत्तर आलं. सहापैकी चार कोड अर्ध्या तासातच वापरले गेले होते. दोन बंद करता आले. ते वीस हजार तपास अधिकाऱ्यांच्या पत्रानंतर परत मिळतील असं लिहिलंय. योगायोग असा, की ते दोन आईच्या खात्यातले.

बाबांना सांगितलं. मी सांगणार होतो, पण बहीणच म्हणाली, मी सांगते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जबाबाला तिच्याबरोबर गेले आणि तीन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

काळा_कोट, उरलेल्या चाळीस हजारांचं काय होईल? आणि आम्हाला पुढे कळणार कसं?

काळा_कोट

तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. नाही कळवलं तर लेखी विचारा. चाळीस हजारांसाठी दोन दारं आहेत. आरोपीची मालमत्ता गुन्ह्यातून आलेली निघाली तर त्याच संहितेच्या कलम १०७ खाली ती जप्त करून पीडितांना वाटता येते. आणि शिक्षा झाली तर दंडातून भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं, कलम ३९५. दोन्हींना वेळ लागतो. आणखी एक सांगून ठेवतो. आरोपी सापडला की त्याच्याकडून तडजोडीचा निरोप येईल, पैसे घ्या आणि मिटवा. ३१८(४) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, तो हक्क बहिणीचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. घाईने कशावरही सही करू नका.

पाषाणकर

तिला आत्ताच विचारलं. म्हणाली, मिटवणार नाही, साक्षीला उभी राहीन. आरोपपत्र दाखल झालं की इथे लिहितो.